दाण्यांवर ओलीचा आळ

पावसाळा निम्मा सरला की घरोघरच्या बीन बॅगविषयी एकच तक्रार ऐकू येते. बॅग खाली बसली, तिला कुबट वास यायला लागला, म्हणजे आतल्या थर्माकोलच्या दाण्यांना ओल लागली. एकदा असे निदान झाले की उपायही ठरलेलाच असतो. जुने दाणे टाकून द्यायचे आणि नवे भरायचे. दाण्यांची किलोकिलोची पाकिटे ऑनलाइन मिळतात, फर्निचरच्या दुकानांतही मिळतात आणि दमट हवेत दाणे खराब होतातच, हे ऐकायला विकणाऱ्याचीही हरकत नसते. हे निदान मला चुकीचे वाटते, आणि ते चुकीचे असल्याने दुहेरी नुकसान होते. एक तर ग्राहक दाण्यांवर पैसे घालतो, पण वास काही महिन्यांत परत येतो, कारण वासाचे मूळ दाण्यांत नव्हतेच. दुसरे म्हणजे, वर्षानुवर्षे टिकणारे लाखो दाणे भर पावसात कचऱ्यात जातात आणि तिथून वाहत नाल्यात. माझे म्हणणे असे आहे की पॉलिस्टायरीनच्या, म्हणजेच थर्माकोलच्या, दाण्याचे दमट हवा काही बिघडवत नाही. ओल धरते ती खोळ, खोळीत साठलेली धूळ आणि बॅगखाली झाकली गेलेली फरशी. बॅग बसते ती बसणाऱ्याच्या वजनाने. तेव्हा सुधारायची आहे ती खोळ आणि बॅगची बांधणी.

हा समज कुठून आला हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे बसण्या-निजण्याच्या वस्तूंत पिढ्यान्‌पिढ्या भरला गेला तो कापूस, क्वचित काथ्या किंवा सावरीचा कापूस. यांपैकी साधा कापूस हवेतले पाणी ओढून घेतो. कापसाच्या व्यवहारात ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या ८.५ टक्के पाणी गृहीत धरले जाते आणि हवा याहून दमट झाली की हे प्रमाण १० टक्क्यांच्याही वर जाते. म्हणजे दहा किलोच्या गादीत, ती हाताला कोरडी लागत असतानाही, किलोभर पाणी असू शकते. ओलावलेला कापूस वजनाखाली दबतो, त्याच्या गाठी होतात, गादी कडक होते. म्हणून पाऊस संपला की गाद्या उन्हात टाकायच्या आणि दोन-चार वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पुन्हा पिंजून घ्यायचा, ही रीत अनुभवातून आलेली आणि अगदी बरोबर आहे. घोटाळा झाला तो हाच हिशेब थर्माकोलला लावल्यामुळे. कापसाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजच्या रेणूवर पाण्याला धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर असतात. पॉलिस्टायरीन फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे बनलेले असते. पाण्याचा रेणू पकडून ठेवेल असे त्यात काही नाही. घन पॉलिस्टायरीन अख्खा दिवस पाण्यात बुडवून ठेवले तरी ते आपल्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून कमी पाणी घेते. दोन पदार्थांत एवढे अंतर असताना एकाच्या देखभालीचे नियम दुसऱ्याला लागू पडणार नाहीत.

दाणा तयार कसा होतो हे पाहिले की उरलीसुरली शंकाही फिटावी. कारखान्यात येतो तो जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचा, टणक मणी. त्याच्या आत पेंटेन नावाचा, सहज वाफ होणारा द्रव थोड्या प्रमाणात मुरवलेला असतो. बीएएसएफ या जर्मन कंपनीत फ्रिट्झ श्टास्टनी यांनी १९५०च्या सुमारास विकसित केलेली ही पद्धत मूळ रूपात आजही वापरात आहे. या मण्यांवर वाफ सोडतात. मणी मऊ होतो, आतला पेंटेन प्रसरण पावतो आणि साळीची लाही फुलावी तसा मणी मूळ आकारमानाच्या चाळीस-पन्नासपट फुलतो. पण लाही उघडी पडते, मणी मात्र फुटत नाही. त्याच्या आत पातळ भिंतींचे असंख्य बंद कप्पे तयार होतात आणि दाण्याचे सुमारे ९८ टक्के आकारमान हवेचेच असते. वाफेतून बाहेर पडलेला दाणा ओलाच असतो. त्याला गरम हवेच्या झोतावर सुकवतात आणि नंतर मोठ्या हवेशीर पिशव्यांत काही तास, कधी दिवसभर, मुरू देतात. थंड होताना कप्प्यांतला दाब उतरलेला असतो आणि बाहेरची हवा हळूहळू आत शिरून तो सावरते. ही पायरी घाईत उरकली तर दाणा आतून दुबळा राहतो. सांगायचा मुद्दा असा की ज्या वस्तूला घडवलेच वाफेने, तीच वस्तू जुलैच्या हवेने नासते असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण द्यायला हवे, आणि ते कारण मला कुठे सापडत नाही.

आकड्यांतच बोलायचे तर एक सोपा हिशेब मांडता येतो. मोठ्या माणसाच्या बीन बॅगमध्ये साधारण दोन किलो दाणे भरतात असे धरू. दाण्यांची घनता घनमीटरला १५ किलो धरली तर दोन किलोंचे आकारमान १३० लिटरच्या आसपास येते. गोल दाणे एकमेकांवर रचले जातात तेव्हा त्यांच्या मधल्या फटींत एकूण जागेचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग मोकळा राहतो. म्हणजे आपल्या बॅगेत फटींतली हवा सुमारे ५० लिटर. तीस अंश तापमानाला पूर्ण संपृक्त झालेली, जिच्यात आणखी पाणी मावणारच नाही अशी हवा घनमीटरमागे ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. तेव्हा त्या ५० लिटर हवेत पाणी असेल फार तर दीड ग्रॅम. दोन किलो पॉलिस्टायरीनने स्वतः ०.१ टक्का पाणी घेतले असे मानले तर आणखी दोन ग्रॅम. सगळे मिळून चहाचा चमचाही भरत नाही. याउलट त्याच बॅगेची किलोभर वजनाची सुती खोळ त्याच हवेत शंभर ग्रॅमच्या वर पाणी सहज धरते. ओल कुठे आहे याचा निवाडा या दोन आकड्यांतच होतो. उलट दमट हवेचा दाण्यांच्या बाबतीत एक फायदाच आहे. कोरड्या हवेत पॉलिस्टायरीनवर स्थिर विद्युतभार साठतो आणि दाणे हाताला, कपड्यांना, भांड्याला चिकटत राहतात. हवा दमट असली की हा भार निघून जातो. दाणे भरण्याचे किंवा एका पिशवीतून दुसरीत ओतण्याचे काम कोरड्या थंडीपेक्षा पावसाळी दिवशी सोपे जाते.

यावर कोणी म्हणेल की हवेतला दमटपणा एक आणि साक्षात पाणी वेगळे. बरोबर आहे, आणि त्याचाही पुरावा उपलब्ध आहे. नॉर्वेत ऑस्लोजवळच्या फ्लोम इथे १९७२ साली पुलाला जोडणारा रस्ता मऊ जमिनीत सतत खचत होता, म्हणून भरावातली जड माती काढून तिच्या जागी फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे ठोकळे घालण्यात आले. रस्त्याच्या भरावात थर्माकोल वापरण्याची पद्धत तिथून जगभर पसरली. अशा रस्त्यांखालचे ठोकळे तिथल्या अभियंत्यांनी पुढे कित्येक वर्षांनी उकरून तपासले. निचरा चांगला असलेल्या जागच्या ठोकळ्यांत पाणी नगण्य होते. जे ठोकळे कायम भूजलात बुडालेले होते, त्यांत आकारमानाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत पाणी शिरले होते, तरीही दाब सहन करण्याची त्यांची ताकद कमी झालेली नव्हती. म्हणजे दाणा पाण्याला संपूर्ण अभेद्य आहे असा दावा कोणी करू नये. वर्षानुवर्षे बुडवून ठेवला तर पाणी हळूहळू आत जाते. पण त्याने तो कुजत नाही आणि मऊही पडत नाही. इतक्या दूर जायचे नसेल तर ससून डॉकवर किंवा कोकणातल्या कोणत्याही मासळी बंदरावर पाहावे. बर्फ आणि मासळी भरलेले थर्माकोलचे खोके खाऱ्या पाण्यात निथळत असतात. ते निकामी होतात ते आदळआपटीने, कडा तुटून. मासळीसाठी ते निवडले जातात याचे एक कारणच हे की पाण्याने त्यांचे बिघडत नाही.

मग वास येतो कुठून? बुरशीला वाढायला पाणी लागते आणि खाद्य लागते. पॉलिस्टायरीन हे तिचे खाद्य नव्हे. सुती कापड, शिवणीतला दोरा, अंगावरून झडणारी त्वचेची भुकटी, केसांचे तेल, घाम, सांडलेले दूध आणि बिस्किटांचा चुरा हे मात्र आहे, आणि हे सारे खोळीत किंवा तिच्या आतल्या बाजूला साठते. कापडालगतची आर्द्रता ७०-८० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरू लागते. मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा बहुतेक दिवस या मर्यादेच्या आसपास किंवा वरच असते. धुळीत राहणारे सूक्ष्म माइट हेही असेच. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर ते तग धरत नाहीत, पण पावसाळ्यात त्यांचे फावते, आणि त्यांच्या विष्ठेने दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. बॅगेचा तळ ही सर्वांत वाईट जागा. दाणे उष्णतेचे उत्तम रोधक असल्यामुळे बॅगखालची फरशी खोलीपेक्षा थंड राहते, तिथे वारा पोचत नाही, आणि दमट हवेत थंड फरशीला पाणी सुटते. फरशी पुसल्यावर ओल्या जागीच बॅग परत सरकवली की भर पडते. कृत्रिम चामड्याच्या खोळीची तऱ्हा आणखी निराळी. पॉलियुरेथेनचा थर असलेले कापड हवेतल्या पाण्याने रासायनिकरीत्या तुटत जाते, त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटून अंगाला चिकटतात. ओलीने खरोखर बिघडलेली वस्तू पाहायची असेल तर ती ही. ती बाहेर आहे, डोळ्यांसमोर आहे, आणि दोष मात्र आतल्या दाण्यांवर जातो.

बॅग बसण्याचे कारण यापेक्षा साधे आहे. गोल दाणे एकमेकांना फक्त टोकांवर टेकतात. बसणाऱ्याचे सगळे वजन त्या लहान लहान टोकांवरून खाली उतरते आणि तिथल्या कप्प्यांच्या पातळ भिंती वाकतात. एकदा बसून उठले तर त्या बऱ्याच अंशी सावरतात, पूर्ण कधीच सावरत नाहीत. हे शेकडो वेळा झाले, त्यात मुलांनी वरून उड्या मारल्या, की दाणा कायमचा चपटा होतो. घनता कमी असलेला, म्हणजे त्याच पैशांत जास्त जागा भरण्यासाठी अधिक फुगवलेला दाणा लवकर चपटतो. नीट न मुरवलेलाही लवकर चपटतो. पावसाळ्यातच बॅग बसल्यासारखी का वाटते, या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते की त्या दिवसांत मुले घरात असतात, बॅग जास्त वापरली जाते, वासामुळे तिच्याकडे लक्ष जाते आणि वर्षभर होत आलेली झीज त्याच आठवड्यात ध्यानात येते. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्यावा. दहा लिटरची बादली दाण्यांनी काठोकाठ भरावी, वजन करावे. ते दाणे दिवसभर पंख्याखाली पसरून पुन्हा तीच बादली भरावी आणि पुन्हा वजन करावे. ओल असेल तर वजन उतरेल. दाणे नुसते चपटले असतील तर वजन तेच राहील. शिवाय नव्या दाण्यांच्या तशाच बादलीपेक्षा ते जास्त भरेल, कारण चपटे दाणे त्याच जागेत अधिक मावतात. घनमीटरला १५ किलोंच्या दाण्यांची बादली दीडशे ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. सव्वादोनशे-अडीचशे भरली तर दाणे दबले आहेत. अशा वेळी सगळे फेकायची गरज नसते, कमी पडले तेवढे नवे मिसळले की भागते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. काही घरांत बॅगेचे दाणे हाताला खरोखर ओले लागतात, त्याचे काय? अशी उदाहरणे असतात, आणि त्यांना कारणेही असतात. पाण्याचा तांब्या लवंडला, लहान मुलाने किंवा कुत्र्याने बॅग भिजवली, गॅलरीत ठेवलेल्या बॅगेवर पावसाची झड आली, तर पाणी शिवणीतून आत जाते आणि दाण्यांच्या मधल्या फटींत अडकते. दोन दाणे जिथे टेकतात त्या चिमटीत पाण्याचा थेंब घट्ट बसतो. बॅग उन्हात ठेवली तरी तो सुकत नाही, कारण दाणे उष्णता आत पोचूच देत नाहीत. वरचे कापड तापते, गाभा थंड आणि ओला राहतो. गादीसाठी योग्य असलेला उन्हाचा उपाय इथे अपुरा पडतो, तो यामुळे. इथे दाणे बाहेर काढून, मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात भरून सावलीत पंख्याखाली टांगणे हाच उपाय. घाण लागली असेल तर त्याच पिशवीसकट कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुता येतात. कडक ऊन नको, कारण सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पॉलिस्टायरीन पिवळे आणि ठिसूळ होते. केस सुकवण्याचे यंत्र किंवा इस्त्री तर मुळीच नको, ८० अंशांच्या वर दाणे आक्रसू लागतात. वास घालवायला डांबराच्या गोळ्या टाकण्याची सवय असेल तर ती इथे मोडावी. नॅप्थलीनची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करून खाते. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांनीही ते विरघळते. ओलीने झाले नसते ते नुकसान हे उपाय करतात. दुसरे कारण भरणाचे आहे. स्वस्त बॅगांत अनेकदा फुगवलेला नवा दाणा नसतोच, पॅकिंगचे जुने थर्माकोल दळून त्याचा चुरा भरलेला असतो. दळताना कप्पे फाटून उघडे पडतात, कडा खडबडीत होतात, पाणी आणि धूळ त्यांत अडकते, दबतोही तो लवकर. ओलीची काही तक्रार भरणावर करायचीच असेल तर ती या चुऱ्यावर करावी, अखंड दाण्यावर नाही. आणि एक बाब मी विनाअट मान्य करतो. चिपळूणला २०२१च्या जुलैत किंवा मुंबईत २६ जुलै २००५ रोजी घराघरांत शिरले तसे पुराचे पाणी बॅगेत गेले असेल, तर त्यात गटाराचे पाणी आणि गाळ असतो. ती बॅग वाचवण्याच्या फंदात पडू नये.

या साऱ्यातून बॅग बनवणाऱ्यांकडे मागणी करायची ती बांधणीची. दाणे एका स्वतंत्र, पातळ पण घट्ट विणीच्या पॉलिएस्टरच्या पिशवीत हवेत आणि त्यावर काढून धुता येईल अशी खोळ हवी. इतकी साधी गोष्ट पुष्कळ बॅगांत नसते. दाणे थेट खोळीतच ओतलेले असतात, त्यामुळे खोळ धुवायची तर शे-सव्वाशे लिटर दाणे कुठे ओतायचे हा प्रश्न पडतो आणि खोळ कधीच धुतली जात नाही. न धुतलेल्या खोळीला वास येतो आणि शिक्षा दाण्यांना होते. आतली पिशवी असण्याला आणखीही कारण आहे. रेक्झिनमधल्या पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव पॉलिस्टायरीनच्या सतत सान्निध्यात आले तर त्यात झिरपतात आणि त्याला बिघडवतात. विजेच्या पीव्हीसी वायरी थर्माकोलला चिकटून नेऊ नयेत असे बांधकामात सांगतात ते याचसाठी. मधे पॉलिएस्टरचे कापड असले की हा संपर्क टळतो. कोणी सुचवील की मग आतली पिशवी प्लास्टिकची, हवाबंदच करावी. तसे केले तर बसल्यावर हवा बाहेर जायला वाट राहणार नाही, बॅग शरीराचा आकार घेणार नाही, आणि एकदा शिरलेली ओल कायमची कोंडली जाईल. पिशवीने दाणे अडवावेत, हवा अडवू नये. आतल्या पिशवीची चेन मात्र मुलांना उघडता न येणारी हवी, आणि इथे तडजोड नको. अमेरिकेत चेन उघडून आत शिरलेल्या दोन मुलांचा गुदमरून मृत्यू झाल्यानंतर २०१४ साली २२ लाख बीन बॅगा परत मागवाव्या लागल्या होत्या. दाणे श्वासाबरोबर आत गेले तर काय होते, हे कळायला याहून मोठा धडा नको.

किंमत वाढेल, हा उत्पादकांचा अपेक्षित युक्तिवाद. तीन-चार मीटर पातळ कापड आणि एक शिवण यांचा खर्च दाण्यांच्या एका पाकिटाहून जास्त होईल असे वाटत नाही, आणि तो एकदाच होतो. त्याहून सोपी मागणी लेबलची आहे. शीतगृहाच्या भिंतीसाठी थर्माकोलचे ठोकळे घेणारा ठेकेदार घनता विचारल्याशिवाय माल उचलत नाही. त्यासाठी आयएस ४६७१ हे भारतीय मानक कधीचे आहे आणि त्यात घनतेनुसार प्रती ठरवून दिल्या आहेत. घरात बसायची बॅग घेणाऱ्याला मात्र एक्सएल, डबल एक्सएल एवढेच सांगितले जाते. बॅगेत किती किलो दाणे आहेत, त्यांची घनता किती, ते नवे आहेत की दळलेले, एवढ्या तीन गोष्टी लेबलवर छापायला काहीच खर्च येत नाही. त्या छापल्या गेल्या तर चार महिन्यांत चपटणाऱ्या भरणाचे खापर पावसावर फोडता येणार नाही.

शेवटचा आक्षेप पर्यावरणाची काळजी असणाऱ्यांचा आहे आणि तो मला जवळचा वाटतो. थर्माकोलची बाजू घ्यायचीच कशाला, सरळ बंद करा, असे ते म्हणतील. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटल्या, वाट्या आणि सजावटीवर बंदी घातली. गणेशोत्सवापुरती सूट मागणाऱ्यांना त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयानेही दिलासा दिला नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्राच्या एकदा वापरायच्या प्लास्टिकच्या यादीतही सजावटीचे थर्माकोल आले. या निर्णयांमागचे कारण हेच की ही वस्तू कुजत नाही आणि घटकाभराच्या वापरासाठी ती कायमचा कचरा मागे ठेवते. बीन बॅगेतले दाणे त्या यादीत नाहीत, कारण त्यांचा वापर वर्षानुवर्षांचा समजला जातो. तो तसा नसेल, दर पावसाळ्यानंतर ते बदलले जाणार असतील, तर बीन बॅग आणि थर्माकोलचे मखर यांत फरक तो काय राहिला? चार मिलिमीटरचा दाणा धरला तर दोन किलोंत वीस लाखांहून जास्त दाणे होतात. ते वाऱ्याने उडतात, पाण्यावर तरंगतात, गटाराच्या कोणत्याही जाळीतून पार होतात. भंगारवाला ते घेत नाही, कारण त्याच्या हातगाडीत जागा भरते आणि वजन भरत नाही. कापूस किंवा सावरी भरलेल्या बैठकीकडे परत जाणे ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावे, सावरीचा तंतू तर मेणचट असल्याने पाणी फारसे धरत नाही. फोमचे तुकडे हा पर्याय मात्र ओलीच्या दृष्टीने वाईट आहे, कारण त्याची छिद्रे उघडी असतात आणि तो पाणी शोषतो. पण जे कोट्यवधी दाणे आज घराघरांत आहेतच, त्यांच्यापुरते तरी सर्वांत कमी हानीचे काम म्हणजे ते जिथे आहेत तिथेच, बंद पिशवीत, शक्य तितकी वर्षे वापरात ठेवणे. ते ओलीने नासतात हा समज नेमका या कामाच्या आड येतो.

तेव्हा गणपतीच्या किंवा दसऱ्याच्या साफसफाईत बीन बॅगेची पाळी येईल तेव्हा खोळ काढून ६० अंशांच्या गरम पाण्यात, कापडाला सोसत असेल तर, धुवा. त्याने माइटही मरतात. बॅग रोज भिंतीला उभी टेकवा, म्हणजे तळाला वारा लागेल, आणि फरशी पुसून पूर्ण वाळल्याशिवाय ती खाली ठेवू नका. आतली पिशवी नसेल तर शिंप्याकडून शिवून घ्या. बॅग बसली असेल तर कमी पडतील तेवढेच दाणे घाला. आणि काही कारणाने दाणे टाकावेच लागले, तर ते दुहेरी पिशवीत तोंड घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात स्वतंत्र द्या, आत काय आहे ते सफाई कामगाराला सांगा आणि पाऊस पडत असताना ती पिशवी रस्त्यावर ठेवू नका.